आगगाडीचे उदाहरण आणि वऱ्हाडातील काळगणना

अंकगणिताच्या शालेय पुस्तकांतील ‘काळ, काम, वेग’ हे प्रकरण विद्यार्थ्यांना धास्ती घालणारे म्हणून जितके प्रसिद्ध आहे, तितके ते इतिहासाचे साधन म्हणून परिचित नाही. अकोल्याहून एक आगगाडी पूर्वेस निघते, बडनेऱ्याहून दुसरी पश्चिमेस निघते. दोहींचे ताशी वेग दिलेले असतात आणि त्या केव्हा व कोठे भेटतील असा प्रश्न असतो. हा प्रकार इंग्रजी अंमलाबरोबर, इंग्रजी क्रमिक पुस्तकांच्या भाषांतरांतून महाराष्ट्रात आला असा समज रूढ आहे. तो निम्माच खरा आहे. उदाहरण सोडविण्याची रीत या देशात त्यापूर्वी तेराशे वर्षे ज्ञात होती. उदाहरण खरे ठरण्यास जी परिस्थिती लागते ती मात्र नव्हती. मोजून ठरविलेले अंतर, साऱ्या वाटेवर टिकणारा वेग आणि वाटेच्या दोन्ही टोकांना सारखाच चालणारा काळ या तीन गोष्टी वऱ्हाडात १८६७ ते १९०६ या चाळीस वर्षांत, एकामागून एक आणि बऱ्याच अडखळत आल्या.

प्रथम रीतीचा विचार करावयास हवा. इसवी सन ४९९ च्या सुमाराच्या ‘आर्यभटीया’तील गणितपादात दोन चालत्या पदार्थांच्या भेटीचा नियम एका आर्येत दिलेला आहे. ते परस्परांच्या दिशेने येत असतील तर मधल्या अंतरास वेगांच्या बेरजेने भागावे. एकाच दिशेने जात असतील तर वेगांच्या वजाबाकीने भागावे. येणारा भागाकार हा भेटीचा काळ होय. आजचा विद्यार्थी जे सूत्र पाठ करतो ते हेच. पाश्चात्त्य परंपरेत या जातीचे प्रसिद्ध उदाहरण आल्क्विनच्या नावावर असलेल्या संग्रहातील कुत्रा आणि सशाच्या पाठलागाचे आहे; तो संग्रह आर्यभटानंतर तीनशे वर्षांचा. परंतु या आर्येतील एक तपशील विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. आर्यभट भेटीच्या भावी काळाबरोबर होऊन गेलेल्या भेटीचा काळही त्याच नियमाने काढावयास सांगतो. वाटसरूंच्या बाबतीत होऊन गेलेली भेट शोधीत बसण्याचे प्रयोजन क्वचितच पडते. ग्रहांच्या युतीच्या बाबतीत ते नेहमी पडते. नियम जन्मला तो आकाशासाठी, हे यावरून उघड होते. आकाशात एकसारखा वेग गृहीत धरण्यास आधारही होता. ज्योतिषी ग्रहाची मध्यम गती आणि स्पष्ट गती असा भेद करीत, आधी मध्यम ग्रह काढीत आणि नंतर त्यास संस्कार देऊन स्पष्ट ग्रह साधीत. शालेय पुस्तकातील ‘सरासरी वेग’ म्हणजे या मध्यम गतीचेच पृथ्वीवर उतरलेले रूप होय, आणि विद्यार्थी चुकतो तो बहुधा मध्यम व स्पष्ट यांतील भेद विसरल्यामुळे.

पृथ्वीवरील गतीची उदाहरणे जुन्या ग्रंथांत नाहीत असे नव्हे. तथापि त्यांचे स्वरूप वेगळे आहे. वऱ्हाड ज्या राष्ट्रकूटांच्या राज्यात मोडत असे त्यांच्या काळी, नवव्या शतकात, महावीराचार्याने ‘गणितसारसंग्रह’ रचला. त्यात ८० अंगुळे लांबीचा एक काळा साप बिळात शिरतो. दिवसाच्या ५/१४ भागात तो साडेसात अंगुळे आत जातो, आणि त्याच वेळी दिवसाच्या पाव भागात त्याचे शेपूट पावणेतीन अंगुळे वाढते! आत जाण्याचा वेग दिवसास २१ अंगुळे, वाढण्याचा ११, बाकी १०, म्हणून आठ दिवस. रीत निर्दोष आहे, पण असा साप कोणी पाहिलेला नाही. भास्कराचार्याच्या ‘लीलावती’त (११५०) शत्रूचे हत्ती हरण करण्यास निघालेला राजा पहिल्या दिवशी दोन योजने चालतो, पुढे रोज सारख्या वाढीने अधिक चालतो आणि सात दिवसांत ८० योजने गाठतो, रोजची वाढ २२/७ योजने येते. हे उदाहरण त्रैराशिकात नसून श्रेढीव्यवहारात घातले आहे, कारण कूच ही दिवसागणिक बदलणारी गोष्ट होती. खांबावरचा मोर आणि बिळाकडे निघालेला साप यांच्या प्रसिद्ध उदाहरणात दोघांची गती समान धरलेली असल्यामुळे वेग गणितातून गळूनच पडतो आणि उरतो तो काटकोन त्रिकोण. व्यस्त त्रैराशिक हे वेग आणि काळ यांच्या संबंधाचे खरे घर. तेथे भास्कराचार्य उदाहरणे घेतो ती वयाप्रमाणे उतरणाऱ्या किमतीची, सोन्याच्या कसाची आणि धान्य मोजण्याच्या मापांची. दुप्पट वेगाने निम्मा काळ लागतो हे त्याच्यासारख्या गणितज्ञास सुचले नसेल असे म्हणणे हास्यास्पद ठरेल. ज्या समाजासाठी तो लिहीत होता त्या समाजास तो प्रश्न पडत नव्हता, एवढाच निष्कर्ष येथे काढता येतो.

या परंपरेशी वऱ्हाडाचे नाते केवळ भूगोलाचे नाही. ‘लीलावती’वर ‘निसृष्टार्थदूती’ ही टीका लिहिणारा मुनीश्वर (जन्म १६०३), सूर्यसिद्धान्ताचा टीकाकार असलेला त्याचा पिता रंगनाथ आणि भास्कराच्या बीजगणितावर टीका लिहिणारा चुलता कृष्ण दैवज्ञ यांचे घराणे मूळचे विदर्भातील पयोष्णीकाठच्या दधिग्रामचे. पयोष्णी म्हणजे पूर्णा असे सामान्यतः मानतात. घराणे पुढे काशीस गेले.

आता व्यवहाराकडे वळावयाचे. ‘लीलावती’च्या परिभाषेप्रमाणे २४ अंगुळांचा एक हात, चार हातांचा एक दंड, दोन हजार दंडांचा एक कोस आणि चार कोसांचे एक योजन. हात दीड फुटाचा धरला तर हा कोस सव्वादोन मैलांहून किंचित मोठा होतो. व्यवहारात मात्र कोस दोन मैलांच्या आसपास कोठेही असे. गावोगावचा कोस वेगळा, आणि त्याची लांबी सांगणाऱ्याच्या उत्साहावर अवलंबून. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की प्रवासाचे खरे परिमाण कोस नव्हते, ‘मजल’ होते. मजल म्हणजे एका दिवसाची चाल. अमुक गाव चार मजलांवर आहे असे म्हटले की अंतर व काळ दोन्ही एकदम सांगितले गेले. वेग निराळा काढण्याचे कारणच उरले नाही. अंतरास वेगाने भागून काळ काढावयाचा, तर अंतर काळापासून वेगळे झालेले असावे लागते. मजलेच्या हिशेबात ते वेगळे झालेलेच नसे.

काळाचे मापही असेच स्थानिक आणि ऋतुमानाने बदलणारे होते. घटकेची लांबी, साठांची एक अहोरात्र म्हणून, घटिकापात्राने ठरलेली असे. पण सर्वसामान्य माणूस प्रहर मोजी, आणि दिवसाचा प्रहर म्हणजे सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या काळाचा चौथा हिस्सा. अमरावतीच्या अक्षांशावर उन्हाळ्यातील सर्वांत मोठा दिवस हिवाळ्यातील सर्वांत लहान दिवसाहून जवळजवळ अडीच तासांनी मोठा असतो. म्हणजे दिवसाच्या प्रहरात पस्तीसएक मिनिटांचा फरक पडे. ‘प्रहरास इतके कोस’ असा वेग कोणी सांगितलाच असता तर त्याबरोबर महिनाही सांगावा लागला असता. यात त्या काळच्या शेतकऱ्याचे काही अडत नव्हते. गावठी शाळेत पंतोजींपाशी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी घोकलेल्या मुलाचा तोंडचा हिशेब आजच्या पदवीधरास लाजविणारा असे. पण तो हिशेब शेर, मण, रुपये आणि व्याज यांचा होता.

वऱ्हाडात अंतर, वेग व काळ यांचा प्रश्न प्रथम खऱ्या निकडीने उपस्थित केला तो कापसाने. लोहमार्गापूर्वी अमरावतीकडील कापूस बैलांच्या पाठीवर लादून गंगाकाठच्या मिर्झापुरास जाई आणि तेथून नावांनी कलकत्त्यास पोचे. मिर्झापूरचे अंतर पाचशे मैलांहून अधिक. तांडा दिवसास आठ मैल चालतो असे गणितापुरते धरले तर ६३ दिवस होतात. प्रत्यक्षात हा भागाकार फसवा आहे. नदीला पूर आला तर तांडा थांबे, चारा मिळेल तेथे मुक्काम वाढे, आणि वाटेत पावसाळा गाठला की काळाचे त्रैराशिक संपून भिजलेल्या कापसाचा भाव हा नवा प्रश्न सुरू होई. आठ मैल ही मध्यम गती झाली. व्यापाऱ्यास नफा किंवा बूड येई ती स्पष्ट गतीवर.

१८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) तेथील कापसाचा पुरवठा तुटला आणि वऱ्हाडच्या कापसाला लँकेशायरच्या गिरण्यांत एकाएकी महत्त्व प्राप्त झाले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा फाटा भुसावळहून अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा असा येत १८६७ साली नागपूरला पोचला. कापसाच्या दोन मोठ्या पेठा, खामगाव आणि अमरावती, मुख्य मार्गापासून दूर राहिल्या. त्यांना जोडण्यासाठी जलंब–खामगाव हा सुमारे आठ मैलांचा व बडनेरा–अमरावती हा सुमारे सहा मैलांचा असे दोन तोकडे फाटे अनुक्रमे १८७० व १८७१ साली सुरू झाले. अंतर आता मैलांच्या खुणांवर येऊन स्थिरावले. अकोला ते बडनेरा सुमारे ४९ मैल, म्हणजे आजच्या मापाने ७९ किलोमीटर; पावसाळ्यात ते वाढत नव्हते.

काळाचा प्रश्न अधिक अवघड होता, आणि अंकगणिताच्या पुस्तकांनी त्याचा मागमूसही ठेवलेला नाही. अकोल्याचे रेखांश सुमारे ७७ अंश, अमरावतीचे त्याहून पाऊण अंशाने अधिक. एका अंशास चार मिनिटे या हिशेबाने अमरावतीस सूर्य अकोल्यापेक्षा तीन मिनिटे आधी माथ्यावर येतो. प्रत्येक गाव आपल्या सूर्यावर चालत होते तोवर दोन्ही ठिकाणची घड्याळे बरोबर असूनही परस्परांशी जुळत नसत. याचा उदाहरणावर होणारा परिणाम पाहण्यासारखा आहे. अंतर सोयीसाठी ५० मैल धरावे आणि गाडीचा वेग ताशी २० मैल. प्रवासास अडीच तास लागतात. पूर्वेकडे जाताना निघण्याची वेळ अकोल्याच्या व पोचण्याची बडनेऱ्याच्या घड्याळावर पाहिली, तर २ तास ३३ मिनिटे लागल्याचे दिसेल आणि वेग ताशी १९.६ मैल येईल. परतीस २ तास २७ मिनिटे लागल्याचे दिसून वेग २०.४ मैल येईल. तीच गाडी, तोच रूळ. तरी ती पश्चिमेस जोराने धावते असा निष्कर्ष निघतो, आणि विद्यार्थ्याच्या भागाकारात चूक नसते! दमणीने प्रवास करणाऱ्यास तीन मिनिटांचा हा फरक कधी जाणवणे शक्य नव्हते. ताशी २० मैलांच्या गाडीस तीन मिनिटे म्हणजे एक मैल.

ज्योतिषशास्त्रास ही अडचण पूर्वीपासून ठाऊक होती. उज्जयिनीच्या मध्यरेषेपासून गाव जितके पूर्वेस वा पश्चिमेस असेल तितका ‘देशांतर’ संस्कार देण्याची पद्धत सिद्धान्तग्रंथांत आहेच. अमरावती उज्जयिनीच्या पूर्वेस सुमारे दोन अंश, म्हणजे आठ मिनिटे किंवा २० पळे. पंचांगकर्ते हा संस्कार करीत आणि आजही करतात. पण तो संस्कार पाटीगणितात कधी उतरला नाही, कारण पाटीगणितातील वाटसरू इतक्या वेगाने चालत नव्हता.

रेल्वेने ही अडचण संस्काराने सोडविली नाही, हुकुमाने सोडविली. १८७० च्या सुमारास मुंबई आणि कलकत्ता यांच्या मध्ये पडणारी मद्रासची वेळ सर्व रेल्वेमार्गांसाठी स्वीकारली गेली. मुंबई ते नागपूर या एका मार्गावरच दोन टोकांच्या सूर्यांत सुमारे २५ मिनिटांचे अंतर होते; वेळापत्रक छापावयाचे तर कोणतातरी एकच सूर्य निवडणे भाग होते. यामुळे अकोल्याच्या स्टेशनातील घड्याळ गावाच्या माध्यान्हीपेक्षा सुमारे १३ मिनिटे पुढे आणि अमरावतीचे १० मिनिटे पुढे झाले. स्टेशनात एक काळ व गावात दुसरा, अशी ही स्थिती तीन दशकांहून अधिक टिकली. गावच्या वेळेवर विसंबून निघालेल्या प्रवाशास गाडी चुकण्याचा अर्थ त्या पाव तासात दडलेला होता. १ जुलै १९०५ पासून रेल्वेने आणि १ जानेवारी १९०६ पासून सरकारी व्यवहाराने भारतीय प्रमाणवेळ धरली. मुंबई शहराने आपली जुनी वेळ हट्टाने १९५५ पर्यंत चालविली, हे त्या शहराच्या स्वभावास शोभणारेच झाले. वऱ्हाडात आता सरासरी माध्यान्ह अमरावतीस १२ वाजून १९ मिनिटांनी व अकोल्यास १२ वाजून २२ मिनिटांनी होते. तीन मिनिटे जेथल्या तेथे आहेत, फक्त ती घड्याळातून नाहीशी झाली. ‘गाडी ७ वाजता सुटली व साडेनऊला पोचली’ हे शालेय वाक्य खरे ठरू शकते ते या पुसलेल्या मिनिटांमुळे.

राहिला वेग. येथे पुस्तक आणि प्रदेश यांतील फारकत सर्वांत मोठी दिसते. गणितापुरते सोयीचे आकडे घेऊन अमरावतीहून अकोल्याचा जुना प्रवास मांडता येईल. फाट्यावरचे ६ मैल ताशी १५ मैलांनी, म्हणजे २४ मिनिटे. बडनेऱ्यास गाडीची वाट पाहण्यात ३६ मिनिटे. पुढचे ४८ मैल ताशी २४ मैलांनी, म्हणजे दोन तास. सारा प्रवास ५४ मैल व तीन तास. सरासरी ताशी १८ मैल. घाईत असलेला विद्यार्थी १५ आणि २४ यांची बेरीज करून निम्मी करतो व साडेएकोणीस सांगतो. त्याहून सावध विद्यार्थी अंतरास चालण्याच्या काळाने भागून साडेबावीस सांगतो. पहिल्याने दोन वेगांना सारखे वजन दिले, वास्तविक त्यांचे काळ २४ मिनिटे आणि १२० मिनिटे असे फार विषम आहेत. दुसऱ्याने बडनेऱ्याचा फलाट हिशेबात धरला नाही. पहिली चूक गणिताची आहे व ती शिक्षक सुधारतो. दुसरीस बहुतेक पुस्तकांत चूक मानलेच जात नाही, कारण त्यांतील गाड्या थांबत नाहीत. सरासरी वेग म्हणजे वेगांची सरासरी नव्हे. एकूण अंतर भागिले एकूण काळ, आणि एकूण काळात ताटकळणे धरलेच पाहिजे. वऱ्हाडात प्रवास करणाऱ्यास हे समजावून सांगण्याची गरज नसावी. अमरावती जिल्ह्यातील अचलपूर आणि अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर यांना जोडणारी ‘शकुंतला’ ही अडीच फुटी रुळांची गाडी ७६ किलोमीटरांस सुमारे चार तास घेई. ताशी १९ किलोमीटर हा तिच्या इंजिनाचा वेग नव्हता. तो इंजिन, वाटेतील स्टेशने आणि तेथील थांबे या सर्वांचा मिळून झालेला वेग होता. तिचे वाफेचे इंजिन १९९४ साली निघाले व डिझेल आले. पुढे गाडीही थांबली.

याच एकेरी मार्गावर दोन गाड्यांच्या भेटीचे उदाहरण लावून पाहिले म्हणजे पुस्तकी उत्तराचा आणखी एक दोष उघडा पडतो. अचलपूर व मूर्तिजापूर येथून एकाच वेळी निघालेल्या दोन गाड्यांच्या भेटीचे स्थळ आर्यभटाच्या नियमाने काढले आणि ते दोन स्टेशनांच्या दरम्यान आले, तर ते उत्तर म्हणजे अपघात होय. भेट जेथे दुसरा रूळ आहे अशा स्टेशनातच झाली पाहिजे. म्हणून रेल्वेत प्रश्न उलटा विचारला जातो. भेटीचे स्थळ आधी ठरवून, त्यावरून सुटण्याच्या वेळा आणि थांबे काढावयाचे. हे काम समीकरणांपेक्षा आलेखाने सुकर होते. एका अक्षावर काळ, दुसऱ्यावर स्टेशने. गाडी म्हणजे तिरकी रेघ, थांबा म्हणजे आडवी, आणि दोन रेघा छेदतात ती भेट. इब्री या फ्रेंच अभियंत्याचा असा पॅरिस–लिआँ मार्गाचा आलेख मारे याने १८७८ साली आपल्या ग्रंथात छापला व तो सर्वतोमुखी झाला. छेदनबिंदू स्टेशनाच्या रेषेवर आणण्यासाठी एखादी रेघ थोडी आडवी ओढली की कोठेतरी एक गाडी वीस मिनिटे उभी राहते. प्रवासी ज्यास विलंब म्हणतो तो बऱ्याच वेळा अशा एखाद्या उदाहरणाचे बिनचूक उत्तर असतो.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. १९५७ मध्ये दशमान नाणी व त्यापाठोपाठ मेट्रिक मापे आली. मैलांचे किलोमीटर झाले, दिडकी आणि औटकी मागे पडली. ‘काळ, काम, वेग’ हा मथळा मात्र टिकला, आणि त्यातील ‘काम’ हा शब्द दुर्लक्षिण्यासारखा नाही. हौद भरणारे नळ, भिंत बांधणारे गवंडी आणि धावणारी गाडी यांना मराठी अंकगणिताने एका छपराखाली ठेवले, कारण तिन्ही ठिकाणी दर आणि काळ यांचा गुणाकार होतो. या एकत्रीकरणाचे एक अनपेक्षित उदाहरण अमरावती–अकोला रस्त्यानेच पुरविले आहे. ३ जून २०२२ रोजी सकाळी ७ वाजून २७ मिनिटांनी राष्ट्रीय महामार्ग ५३ वर डांबरीकरणास प्रारंभ झाला आणि ७ जून रोजी सायंकाळी ५ वाजता ७५ किलोमीटरांचा अखंड पट्टा पूर्ण झाला. १०५ तास ३३ मिनिटे. गिनेस विक्रमपुस्तकात त्याची नोंद झाली. त्यापूर्वीचा विक्रम कतारमधील दोहा येथे २०१९ साली झाला होता. तेथे दहा दिवसांत २५.२७५ किलोमीटर, म्हणजे ताशी सुमारे १०५ मीटर काम झाले होते. अमरावती–अकोल्याचा दर ताशी सुमारे ७११ मीटर येतो.

विद्यार्थ्यास हे उदाहरण देताना एक तपशील सांगणे अगत्याचे आहे. ७५ किलोमीटर ही एका मार्गिकेची लांबी होती. दोन मार्गिकांचा पूर्ण रस्ता धरला तर ती साडेसदतीस किलोमीटर होते. डांबर पसरण्याचे काम मोजावयाचे तर पहिला आकडा घ्यावा आणि उत्तर ७११ मीटर लिहावे. रस्ता अमरावतीकडून अकोल्याकडे किती वेगाने सरकला असे विचारले तर दुसरा घ्यावा, उत्तर ३५५ येईल. पहिल्या दराने ‘लीलावती’च्या मापाचा एक कोस पूर्ण होण्यास सुमारे पाच तास नऊ मिनिटे लागतात, म्हणजे तीन तासांचा प्रहर धरून पावणेदोन प्रहर.